काजळबाईंचं अक्षर

आमच्या माहिती कक्षात काळ्या मार्करचा सगळ्यात जास्त खप एकाच टेबलावर होता. तिथल्या बाईंना सगळे काजळबाई म्हणत, कारण त्यांच्या बोटांवरचा काळा डाग रविवारीसुद्धा निघत नसे. लोकांनी मागितलेले सरकारी कागद बाहेर देण्याआधी त्यातली नावं, पत्ते, फोन नंबर खोडायचे, हे त्यांचं काम. खोडलेला कागद त्या खिडकीच्या काचेला लावून बघत. मागून अक्षर दिसलं तर पुन्हा खोडत, मग त्याची झेरॉक्स काढून तीच देत. मी शेजारच्या टेबलावर नवीन होते आणि मला हा सगळा अतिरेक वाटायचा.

"बाई, एवढं कोण बघतंय?"

"ज्याला बघायचंय तो बघतोच गं."

एकदा स्टेपलर शोधताना त्यांच्या ड्रॉवरमध्ये मला एक पिवळा पडलेला कागद सापडला. हाताने लिहिलेली तक्रार, नाव नीट काळं केलेलं. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मग सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी एका वसतिगृहातल्या मदतनीस बाईने तिथल्या अधीक्षकांविरुद्ध तक्रार केली होती. काजळबाईंनी नाव खोडलं, पत्ता खोडला, कागद दिला. अक्षर मात्र तिचंच राहिलं. कागद फिरत अधीक्षकांपर्यंत पोचला; ते रोज तिने लिहिलेलं हजेरीबुक तपासत, त्यांनी एका नजरेत ओळखलं. आठवड्याच्या आत तिला घरी बसवलं. काजळबाईंना तिचं घर ठाऊक होतं, पण तिथे जायचा धीर झाला नव्हता.

यंदा एक बसड्रायव्हर अर्ज घेऊन आला. त्याची मुलगी त्याच सरकारी वसतिगृहात राहायची. कावीळ होऊन तीन आठवडे दवाखान्यात पडली होती. टाकीच्या पाण्याबद्दल आधी कुणी तक्रार केली होती का, आणि त्या तक्रारीचं पुढे काय झालं, एवढंच त्याला हवं होतं. फाइलमध्ये तिथल्या स्वयंपाकीणबाईंच्या सहा तक्रारी निघाल्या, सगळ्या हाताने लिहिलेल्या. कारवाई एकीवरही नव्हती.

साहेबांनी हात झटकले. "तक्रार करणारीच्या सुरक्षेचं कारण लिहा आणि अर्ज फेटाळा. मागच्या वेळी काय झालं, विसरलात?"

मला असा संताप आला! एरवी खिडकी उघडी राहिली तरी ज्यांना फिकीर नाही, त्यांना आज सुरक्षा आठवली. पण साहेब अगदीच खोटं बोलत होते, असंही म्हणता येईना. अधीक्षक आता दुसरे होते, हजेरीबुक तपासायची पद्धत तीच होती.

"कागद दाबला तर तिने सहा वेळा लिहिलं ते पाण्यात," काजळबाई म्हणाल्या. "दिला तर तिच्या पोटावर पाय. मला दोन दिवस द्या, साहेब."

त्या दोन दिवसांत त्यांनी सहाच्या सहा तक्रारी स्वतःच्या हाताने उतरवून काढल्या. टायपिंगला दिल्या तर आणखी चार डोळे वाचणार, म्हणून तेही नाही. 'माझ्या हाताखालच्या दोघी' एवढे शब्द खोडले, कारण तसं लिहिणारी तिथे एकटीच. बाकी शेवाळ, मेलेली पाल, गढूळ पाणी, सगळं जसंच्या तसं. प्रत्येक कागदाखाली 'नक्कल करणार' लिहून सही केली. साहेबांनी कुरकुरत का होईना, मूळ कागदाशी ताडून पाहिलं आणि कागद ड्रायव्हरच्या हाती गेले.

तो ते घेऊन वरपर्यंत गेला. तपासणी झाली, टाकी बदलली, अधीक्षकांना नोटीस आली. चौथ्या दिवशी ते आमच्या कक्षात हजर, एका हातात नकला, काखेत वसतिगृहाचं हजेरीबुक. काजळबाईंच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून पानामागून पान उलटत राहिले. काही जुळेना.

"हे अक्षर कुणाचंय?"

"माझं," बाई म्हणाल्या. "खाली सही आहे. आणखी काही हवंय?"

अधीक्षक हजेरीबुक उचलून निघून गेले. मी बाईंना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. ड्रॉवरमधून तो पिवळा कागद काढून पर्समध्ये ठेवला.

"माझी अर्ध्या दिवसाची रजा लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली, एका घरी जायचं राहिलंय."