पिळे नव्हे, प्लिए

संघर्षचा उजवा गुडघा काही केल्या डोक्यातून जात नाही. रविवारी मुंबईत त्याचा पहिला मोठा कार्यक्रम आणि परवा सरावात उडीवरून उतरताना तो पडला. सूज उतरली की नाचायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचा निरोप मुंबईहून आला. पण मी 'नको नाचू' म्हटलं, तर तो ऐकेल. म्हणूनच अजून फोन केलेला नाही.

नाशिकरोडला वाढलेला हा आमचा मुलगा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दरवर्षी नाचून चपला तोडायचा. २००३ साली बॅले शिकवणाऱ्या एका संस्थेनं शिष्यवृत्ती देऊन त्याला मुंबईला नेलं. पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाला, "आई, आज दोनशे पिळे घातले." निदान मला तरी तसंच ऐकू आलं.

"अरे, पाय म्हणजे काय ओली चादर आहे?"

हसून हसून त्याला ठसका लागला. "पिळे नाही गं, प्लिए! फ्रेंच शब्द आहे."

मी मराठीची बी.ए. शब्दाचं मूळ सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. वाचनालयातला फ्रेंच कोश काढला. प्लिए म्हणजे वाकवलेलं, दुमडलेलं. त्याचं मूळ लॅटिनमधल्या घडी घालण्याच्या क्रियापदात. फ्रान्सच्या दरबारात या नाचाला शिस्त लागली, म्हणून त्यातली नावं अजून फ्रेंचच.

अर्थ ऐकून त्याचे वडील भडकले. हे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. "आपल्या पिढ्या वाकण्यात गेल्या. पोराचं नाव संघर्ष ठेवलं, आणि हा सराव करून वाकतोय!"

"पप्पा, पाठ ताठच असते. गुडघे वाकवतो. त्याशिवाय उडी घेता येत नाही, नीट उतरताही येत नाही."

त्यानंतर तीन वर्षं ह्यांनी नाचाचा विषय काढला नाही. संघर्ष मात्र दिवाळीतसुद्धा ओट्याला धरून प्लिए करायचा. शेजारच्या नवसाबाई दारातून विचारायच्या, "काय रे, उठाबशा काढायला लावल्या का आईनं?"

"हो काकू, चकली चोरली!"

तोच मुलगा आता संस्थेतल्या नव्या मुलांना प्लिए शिकवतो.

आज जेवताना मी पुन्हा गुडघ्याचं रडगाणं लावलं. ह्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"विमान टेकतं ना, तेव्हा त्याच्या चाकाचा पाय दबतो. दबला नाही तर मोडतो." मग घास पुन्हा उचलत, "पोराला उतरताना वाकायला उशीर झाला असेल. विचार."

"तुम्हीच विचारा की."

"मला तो शब्द कुठं नीट म्हणता येतो?" ताटाकडे बघतच म्हणाले, "रविवारच्या ओव्हरटाइमला नाही म्हणून आलोय."

संघर्ष सकाळी साडेसहाला वर्गाला निघतो. उद्या सहाला फोन लावणार आहे. 'नको नाचू' म्हणणार नाही. 'नीट वाक, आम्ही दोघं येतोय,' एवढंच सांगेन आणि रिसीव्हर ह्यांच्या हातात देईन. पिळे म्हणाले तरी चालेल.