भगीरथच्या नावावरचा डाव

देवकीला दळण ऐकून कळायचं. तांदूळ दमट असला की दगडांचा आवाज जड व्हायचा, आणि ती मोटर बंद करून बाईला म्हणायची, "घेऊन जा, अजून दोन उन्हं दे." किन्हवलीच्या रस्त्यावरची तिची गिरणी तेवीस वर्षं चालली होती. गावातल्या बायका तिला हुशार म्हणायच्या, पण ती दळणापुरती.

माहेरी ती गोदावरी होती. सिद्धगडाखालच्या एका वाडीत तिचा बाप, वाळू त्याचं नाव, कापणीनंतर खळं राखत बसायचा. जोडीला कुणी नसे म्हणून दहा वर्षांच्या पोरीला त्यानं पत्ते शिकवले. ती आपल्या पानांत डोकं घालून बसली की तो म्हणायचा, "पानं काय पळून जातात व्हय? माझ्या तोंडाकडं बघ." बारा वर्षांची झाली तेव्हा तो तिच्याशी जिंकेनासा झाला. पुढं लग्नात भगीरथनं तांदळाच्या ताटात अंगठीनं 'देवकी' लिहिलं. सासरी सुनांनी पत्त्यांना हात लावायची पद्धत नव्हती, आणि तिनं कुणाला काही सांगितलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी शहापूरला कॉलेजात जाणाऱ्या तिच्या मुलीनं, दिशानं, मोबाइलवर पोकर दाखवला. हातात दोन पानं, मग मध्ये एकेक करून पाच उघडी पानं, आणि दर वेळी ठरवायचं की राहायचं की पानं टाकायची. वाईट पानांवरही जिंकता येतं, समोरचा घाबरला तर.

"यात तोंडं दिसत नाय," देवकी म्हणाली.

"नाहीच दिसत. मोबाइल आहे तो."

पण आठवड्याभरात तिला तोंडांची गरज उरली नाही. कोण पान टाकायला किती वेळ लावतो, कोण हरल्यावर लगेच मोठी बोली करतो, हे ती दोन डब्यांच्या मधल्या वेळात पिठाळ बोटांनी टिपत राहिली. समोरचा घाबरलेला आहे की घाबरल्याचं सोंग करतोय, हे तिला त्या दोन-तीन सेकंदांच्या थांबण्यातून ऐकू यायचं.

पंचवीस रुपयांच्या टेबलावर बसायला पॅन कार्ड लागत होतं. देवकीच्या शाळेच्या दाखल्यावर गोदावरी, आधारवर देवकी. पॅनचा अर्ज या दोन बायकांमध्ये अडकून दोनदा परत आला होता.

"बाबांच्या नावानं खोलू," दिशा म्हणाली. "काय फरक पडतो?"

देवकीलाही तसंच वाटलं. लाइटचं बिल त्याच्या नावावर, गिरणीचा परवानाही त्याच्याच. भगीरथ वासिंदला एका गोदामात सुपरवायझर होता. त्यानं मोबाइलवर आलेला नंबर वाचून दाखवला आणि म्हणाला, "खेळ गो. पण पंचवीसच्या वर नाय."

या वर्षी जुलैत एक स्पर्धा सुरू झाली. अठराशे माणसं होती. चार रविवारांत नऊ उरली, आणि त्या नवांत एक नाव भगीरथचं होतं. शेवटचा डाव चोवीस ऑगस्टला दुपारी तीन वाजता होता.

बक्षीस काय होतं हे देवकीला नीट आठवायचंही नाही. तिला एकच हवं होतं. दिशाला तिनं एकदा सांगितलं, "बापाला हरवलं तेव्हा वाटलं, तो मुद्दाम हरतोय. खरं काय ते कधी कळलंच नाय. आता आठ अनोळखी माणसं हायेत. ती कशाला मुद्दाम हरतील?"

दिशाच्या जुन्या वहीत तिनं त्या आठ जणांच्या खोडी लिहून ठेवल्या. भगीरथनं नावांच्या यादीचा फोटो गोदामात दाखवला. "आमच्या घरातून फायनल," एवढंच म्हणायचं होतं त्याला. पण यादीत नाव त्याचं. लोकांनी त्याच्याच पाठीवर थाप मारली, चहा मागितला. त्यानं पाजला.

फायनल तीन दिवसांवर आली तेव्हा दिल्लीत कायदा झाला. दिशा कॉलेजातून आली ती मोबाइल हातात धरूनच.

"आई, पैसे लावून खेळायचं सगळं बंद. रमी, पोकर, सगळं."

"मी पंचवीसच रुपयं लावलं ना?"

"पंचवीस काय नि पंचवीस हजार काय."

"पण तूच म्हणालीस, कोर्टात म्हणतात यात डोकं लागतं म्हणून. जुगार येगळा."

"आता डोकं लागो नाहीतर नशीब. पैसे आले की बंद."

दळणाला आलेली रंजिता उंबऱ्यात उभी होती. तिच्या भावानं असल्याच एका खेळात बायकोचे सोन्याचे डाग घालवले होते, आणि दोन महिन्यांपूर्वी तो घर सोडून गेला होता. अजून कुठं आहे ते कळलं नव्हतं.

"बरं झालं गो वहिनी," रंजिता म्हणाली. "आदीच करायला पायजे व्हतं मेल्यांनी."

"व्हय," देवकी म्हणाली. तिला ते खरंच पटलं होतं. तिनं रंजिताचा डबा उचलला, ओतला, मोटर चालू केली, आणि आवाजाकडे तिचं लक्षच नव्हतं. पीठ जाडं आलं. रंजितानं ते घरी जाऊन पाहिलं असेल.

शुक्रवारी ॲपवरून निरोप आला. प्रिय भगीरथ, स्पर्धा रद्द करण्यात आली आहे.

रविवारी तीन वाजता देवकीनं तरी ॲप उघडलं. फुकटच्या पॉइंटांवर खेळायचं टेबल चालू होतं. त्यावर सहा माणसं होती आणि सहाही जण पानं न बघता सगळे पॉइंट पुढं ढकलत होते. हरले की नवे मिळत. कुणी थांबत नव्हतं, कुणी घाबरत नव्हतं. ऐकायला काही उरलंच नव्हतं. दहा मिनिटांनी तिनं मोबाइल डब्यावर पालथा ठेवला.

"जाऊ दे गो," भगीरथ म्हणाला. "खेळच व्हता."

बुधवारी गणपती बसला. दुपारची जेवणं झाल्यावर पुरुष ओटीवर तीन पत्तीला बसले. भगीरथचा थोरला भाऊ सावळाराम, शेजारचा धर्मा आणि मुरबाडहून आलेला बहिणीचा नवरा कुंडलिक. मधे रुपयाची नाणी.

"मोबाइलवर बंद केलं सरकारनं," धर्मा म्हणाला. "आता ओटीवर येतं का बघू."

"अरे, आपल्यात फायनलवाला हाय!" कुंडलिकनं हाक मारली. "मेव्हणे, बसा की. का सरकारला घाबरलात?"

"अठराशे लोकांना झोपवलंन यानं," सावळाराम म्हणाला. "आमाला सांगितलं पण नाय. लपवून ठेवतो शाणा."

देवकी मधल्या दारात मोदकांचं ताट घेऊन उभी होती. भगीरथनं तिच्याकडं पाहिलं. त्याचं तोंड थोडं उघडलं होतं. आता तो म्हणेल, मी नाय, ही. थोरल्या दिरासमोर आपण पत्त्यांना बसलो तर काय होईल, हे क्षणभर तिच्या मनात येऊनही गेलं.

"बसतो," भगीरथ म्हणाला. "पण एकदोनच डाव."

पहिल्याच डावात सावळारामनं नाणी वाढवली. भगीरथनं आपली पानं उचलून पाहिली आणि मग दाराकडं. देवकीला त्याची पानं दिसत नव्हती, पण सावळाराम दिसत होता. तो तंबाखू चघळायचा थांबला होता. त्याच्याकडं काही नव्हतं. तिनं किंचित मान खाली केली. भगीरथ राहिला आणि जिंकला.

"बघा! उगाच नाय फायनल!" धर्मा म्हणाला.

दुसऱ्या डावाला कुंडलिक जास्त बोलू लागला. तिनं डोळ्यांनी नको म्हटलं. भगीरथनं पानं टाकली, आणि कुंडलिककडं तीन राजे निघाले. तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्याला तसंच. ती मोदक वाढत राहिली, पाणी देत राहिली. चार पुरुषांत तिला न कळणारं असं एकही तोंड नव्हतं. पिठात बोट घालावं तसं ते सोपं होतं, आणि इतकं सोपं असण्याचा तिला धक्काच बसला.

भगीरथ आता ऐसपैस मांडी घालून बसला होता. धर्माला तो सांगत होता, "पानांवर नाय जायचं. माणूस वाचायचा असतो." हे वाक्य तिनंच कधीतरी जेवताना त्याला सांगितलं होतं.

सहाव्या डावाला सावळारामनं सगळी नाणी पुढं सरकवली. तंबाखू संथ चघळत होता, खांदे सैल, नजर गणपतीकडं. त्याच्याकडं मोठी पानं होती. देवकी दारातच होती, रिकाम्या पेल्यांचा ट्रे धरून.

भगीरथनं दाराकडं पाहिलंच नाही. त्यानं भावाच्या तोंडाकडं एकटक पाहिलं, हसला, आणि आपला ढीग पुढं लोटला.

तिनं मान हलवली, नको. मग पुन्हा एकदा हलवली. ओटीवर सगळे पानं उघडायची वाट बघत होते.