वाचून ऐकवलं, समजलं

दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत. पण अक्काताईला माझ्यासमोर कुणी नावं ठेवली तर मी ऐकून घेत न्हाय, मग तो गिऱ्हाईक असूदे न्हायतर ऑफिसातला सायब. नावं ठेवायची तर मी ठेवीन. तेवढा माझा हक्क हाय, कारण गेली कितीतरी वर्षं ती माझ्याच टेबलापाशी बसून माझाच च्या पीत आलीया.

मी रूपाली. बेळगावात सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर पत्र्याच्या शेडात माझं टेबल हाय. वर कॉम्प्युटर, खाली प्रिंटर. खरेदीपत्र, भाडेकरार, वाटणी, हक्कसोड, काय पायजे ते टाईप करून देते. सगळं कन्नडात. बोलतो आम्ही मराठी आणि कागद करतो कन्नड, ह्यात इथं कुणाला नवल वाटत न्हाय. सतरा वर्षं झाली मला ह्या शेडात.

अक्काताई वडगावची. घरात दोन पॉवरलूम, नवरा अजून साड्या विणतो. बाई ठेंगणी, स्कूटरवर बसली की पाय जेमतेम टेकतात. मागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं तिला हळू बोलताच येत न्हाय. गुपित म्हणून सांगायला लागली तरी अख्ख्या शेडाला कळतं.

आणि हिचा धंद्याचा ढंग उफराटा. बाकीचे एजंट गिऱ्हाइकाला आधी विहिरीचं पाणी दाखवतात, ही आधी गटार दाखवते. "पावसाळ्यात भिंतीला ओल येती. शेजारचा माणूस भांडखोर हाय. आता आत या, घर बघा." दहातले आठ तिथनंच माघारी फिरतात. मी कितीदा म्हटलं, "अगं, घर तरी बघू दे की आधी." तर म्हणती, "जे ऱ्हातात ते परत शिव्या द्यायला येत न्हाईत."

त्यात ही मंदी. ई-खाता म्हंजे मिळकतीचा ऑनलाइन उतारा, त्याच्यावाचून निम्मे प्लॉट अडकून पडलेत. रिंगरोड कुणाच्या शेतातनं जाणार ह्याच्या अफवा रोज उठतात. घेणारा म्हणतोय भाव पडू दे, विकणारा म्हणतोय चढू दे, आणि मधला एजंट बसलाय माश्या मारत. आमच्या शेडातल्या एकानं विम्याचं काम धरलं, दुसरा स्कूटरवरनं मसाल्याची पाकिटं विकतोय. अक्काताईचा दहा म्हैन्यांत एक व्यवहार झाला न्हवता. कुणीतरी तिला म्हणालं, "काकू, आता घरावरचा बोर्ड उतरवा." हिनं दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावला आणि बोर्ड नव्यानं रंगवून घेतला. "मंदी बाजाराला आलीया," म्हणाली, "मला न्हाय." सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय म्हणतात, ते हिला बघूनच म्हटलं असंल.

आमची ओळख भांडणातनं झाली. तेव्हा ती एजंट न्हवती, घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिचे वडील वारलेले, भाऊ तिला घेऊन इथं आलता. आमच्याकडं रीत हाय. बहीण वडिलांच्या मिळकतीवरचा हक्क सोडते आणि भाऊ तिला साडीचोळी देतो. अक्काताईला वाटलं, वारसाची नोंद हाय, घरातली म्हणून आपली सही. दोन म्हैन्यांनी तिला कळलं की आपण आपला वाटा सोडून आलोय. ती भावाकडं गेली न्हाय. तरातरा माझ्या टेबलापाशी आली आणि कागद पुढ्यात आपटला.

"हे तू लिवलंस?"

"व्हय."

"शेवटाला काय लिवलंयस? वाच."

शेवटाला प्रत्येक कागदात एकच वाक्य असतं. हा मजकूर वाचून ऐकवला, समजला आणि राजीखुशीनं सही केली. मी वाचलं.

"मला कधी ऐकवलंस?"

मी म्हटलं, "आक्का, ते सगळ्याच कागदात असतंय."

"म्हंजे सगळ्याच कागदात खोटं लिवतीस," ती म्हणाली. शेडातले सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. मला असा राग आला की काय सांगू. ती खरं बोललेली, म्हणूनच आलता.

तो कागद फिरवायला ती वर्षभर ऑफिसं झिजवत होती. कागद काय फिरला न्हाय, पण ऑफिसं कळली. कुठल्या टेबलावर काय अडतंय, उताऱ्यावर कुणाचं नाव कसं चढतंय, सगळं तोंडपाठ झालं. मग गल्लीतल्या लोकांची कामं करायला लागली आणि करता करता एजंट झाली. तेव्हापासनं तिचा एक नेम. शेतजमीन हातात घ्यायची तर आधी बहिणींच्या सासरी जाऊन यायचं. भाऊ बरोबर नको, फोन नको. चुलीपुढं बसायचं, च्या प्यायचा आणि विचारायचं, "तुझा वाटा किती, ठावं हाय का?" ह्यापायी तिचे कितीतरी व्यवहार मोडले. बाकीच्या एजंटांनी तिचं नाव पाडलं, सगळ्यांची नणंद.

मी मात्र तसंच टाईप करत ऱ्हायले. कागद वाचून दाखवायला लागले तर एजंट दुसऱ्या टेबलावर जातील, ही भीती. पोटावर पाय कोण आणतंय? मी माझ्या मनाला हेच सांगत आले.

आणि ह्या साली गणपतीनंतर बेळगुंदीची जमीन आली. बावीस गुंठे, रस्त्याला लागून. विकणारा गुंडू, घेणारा नागेंद्र म्हणून बेंगळुरात नोकरीला असलेला आपल्याच भागातला पोरगा. गुंडूला एकच बहीण, बायाक्का, जांबोटीला दिलेली. नागेंद्रला चारच दिवस रजा. जांबोटीच्या डोंगरात पाऊस हटायचं नाव घेईना, आणि बायाक्काचं घर बसनं उतरून तासभर चालत. अक्काताईनं नेम मोडला. फोन केला. तिकडनं बायाक्का म्हणाली, "आण्णा सांगंल तसं." हिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "टाईप कर. आधी हक्कसोड, मग खरेदीपत्र."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, "जाऊन येणार न्हाईस?"

"दहा म्हैने झाले, रूपाली," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारच्या टेबलाला ऐकू गेला न्हाय.

मी टाईप केलं. मलाबी बरंच वाटलं. एकदाचा हिचा व्यवहार होतोय म्हणून मी शेवटचं ते वाक्यसुद्धा बोटं न अडखळता लिवलं.

गुरुवारी अकरा वाजता सगळे आले. गुंडू पांढऱ्या शर्टात. नागेंद्र गाडीतच बसला, बोलावलं की येतो म्हणाला. बायाक्का पंचावन्नची असंल, पायात चिखलानं भरलेल्या चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत साडी. गुंडूनं वाटेतच देऊन टाकलेली. ती बाकावर बसली आणि माझ्याकडं बघून हसली, पाहुण्याच्या घरी आल्यावर हसतात तशी.

अक्काताई तिच्याशेजारी टेकली. सवयीनं तिचा हात पिशवीत गेला. साडीचा काठ तिनं अंगठा आणि बोटात धरून चोळला. कापड हातात आलं की ह्या बाईला ऱ्हावत न्हाय.

"ही आमच्या वडगावची," ती म्हणाली. "घाऊकात तीनशेला जाती. काठ दोन धुण्यांत गोळा होतोय." मग बायाक्काकडं वळून विचारलं, "कशाची सही करायला आलीस गं आक्का?"

"वारसाची हाय न्हवं?" बायाक्का म्हणाली. "वडलांच्या जागी आण्णाचं नाव चढवायचं म्हणं."

अक्काताई उठली, माझ्या टेबलापाशी आली. तिचं तोंड असं झालतं की मला वाटलं, आता ही मला मारती.

"वाच," म्हणाली. "मराठीत. मोठ्यानं."

शेडात चाळीस माणसं. माझ्याकडं कामं आणणारे सगळे एजंट तिथंच. गुंडू फुडं आला आणि म्हणाला, "बाई, येळ घालवू नका, आमचं आमच्यात ठरलंय." मी प्रिंटरवरचा हात काढला न्हाय. खरं सांगते, मी तेव्हाबी पळवाट शोधत होते. म्हटलं, "अक्काताई, हा तुझा व्यवहार हाय. दहा म्हैने झालेत म्हणालतीस."

"म्हणालते. चुकले. जांबोटीला जायला पायजे होतं, गेले न्हाय. माझं शेण मी खाल्लं. आता तू वाचतीस का मी दुसरं कोण बघू?"

मग मी वाचलं. डोळ्यानं कन्नड, तोंडानं मराठी. मौजे बेळगुंदी, वडिलार्जित जमीन, बावीस गुंठे. वारस दोन, मुलगा गुंडू आणि मुलगी बायाक्का. दोघांचा हिस्सा सारखा, अकरा आणि अकरा गुंठे.

"थांब," बायाक्का म्हणाली. "अकरा कुणाचं?"

"तुमचं."

"माझं? कवापासनं?"

"वडील वारले तवा उताऱ्यावर नाव चढलंय. सात वर्षं झाली."

मी फुडचंबी वाचलं. सदर हिस्सा बायाक्कानं काहीएक मोबदला न घेता भावाला कायमचा सोडून दिला, त्यावर तिचा वा तिच्या मुलाबाळांचा यापुढं कसलाही हक्क ऱ्हाणार न्हाय. आणि शेवटचं वाक्य. सतरा वर्षांत किती कागदांवर ते लिवलंय मी, आणि सहीआधी मोठ्यानं वाचून दाखवलेला हा पहिला.

गुंडू सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "बाये, भावाबहिणीत गुंठं मोजत्यात व्हय? ह्या बाईचं ऐकून घर फोडू नको. सही कर. न्हायतर मग सांग, तुला माहेर पायजे का अकरा गुंठं?"

मला वाटलं, आता अक्काताई बोलणार. ती बोलली, पण गुंडूला न्हाय. "आक्का," ती म्हणाली, "सोडायचं तर सोड. तुझं हाय, तू सोडू शकतीस. मी आडवी येणार न्हाय. खाली 'समजलं' म्हणून लिवलंय, तेवढं खरं असू दे."

तेवढ्यात नागेंद्र गाडीतनं उतरून आला. "काकू, आज होणार की नाही? मला उद्या जायचंय."

"ह्यांनी न्हाय म्हटलं तर न्हाय होणार," अक्काताई म्हणाली. "आणि त्यात तुझंबी भलंच हाय बाबा. उद्या हिची पोरं तुझ्यावर कोर्टात आली असती, मग तू मला शोधत वडगावात फिरला असतास."

बायाक्का पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मग तिनं विचारलं, अगदी बारीक आवाजात, "आण्णा, बा गेल्यापास्नं तू मला न्यायला किती डाव आलास?"

गुंडू म्हणाला, "आता ते काय मधीच?"

"दिवाळीला न्हाय. गावच्या जत्रंला न्हाय. माझं ऑपरेशन झालं तवाबी न्हाय. मीच बस धरून येत हुते आणि मीच जात हुते." ती उठली आणि पिशवी त्याच्या हातात दिली. "न्यायला आलास तो आज. आणि मला माहेराचं भ्या घालतोस? सही करत न्हाय मी."

गुंडू लई बोलला. काय काय बोलला ते मी सांगत न्हाय, अक्काताईला तर बाजारबुणगी म्हणाला. तीबी काय गप ऱ्हाणारी न्हवं. "बाजारातलीच हाय मी," म्हणाली, "दलाल हाय. फुकटात मिळकत न्यायला तूच आलायस, मी न्हाय." तो पिशवी काखंत मारून निघून गेला. नागेंद्र गाडीत बसून गेला. अकराव्या म्हैन्यातबी अक्काताई होती तिथंच ऱ्हायली, आणि बाकावर बसून पदरानं तोंड पुसत म्हणाली, "च्या सांग गं. तीन."

मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली कसलातरी आनंदबी होता, खोटं कशाला बोलू. मी तो कागद फाडायला घेतला तर बायाक्कानं माझा हात धरला.

"फाडू नको बाई. माझं नाव आल्तं न्हवं, तेवढंच परत वाच."

"साडेबाराची बस चुकंल तुझी," अक्काताई म्हणाली.

"चुकू दे. वाच."

मी वाचलं. मुलगी बायाक्का, हिस्सा अकरा गुंठे. तिनं परत वाचायला लावलं. मी परत वाचलं, आधीपेक्षा मोठ्यानं.

तेव्हा रांगेतली एक म्हातारी फुडं सरकली. हक्कसोडाचाच कागद, काल मीच केलेला. तिच्याबी हातात साडीची पिशवी होती. "पोरी," ती म्हणाली, "माझ्यात काय लिवलंयस, ते जरा सांग की."

तिच्या मागं तिचा भाऊ आणि त्याला घेऊन आलेला एजंट उभे होते. एजंट माझ्याकडं डोळे वटारून बघत होता, वर्षाचे साठ-सत्तर कागद आणणारा माणूस. मी म्हातारीला खुर्ची दिली, कागद हातात घेतला आणि त्या दोघांना म्हटलं, "बसा. येळ लागंल."