डाव्या हाताचा घास

यशवंत साळवे गेल्याचं मला देवगाव फाट्यावर, एसटी बदलताना कळलं. त्याला आता महिना झाला. सोनपेठच्या शाळेत आम्ही अकरा वर्षं शेजारच्या वर्गांवर शिकवलं, मधल्या सुट्टीत एकाच बाकावर डबे सोडले. तो बौद्ध, मी मराठा. त्याच्या डब्यातली अंबाडीची भाजी मी मागून खायचो आणि याचा मला मनातून अभिमानही होता.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद चिघळला त्या हिवाळ्यात साळवे डबा घेऊन रिकाम्या वर्गात बसू लागला. शर्टाचं गळ्याजवळचं बटणही उघडं ठेवायचा. मी समजलो, याला ताठा आला, आता आम्ही नकोत. विचारलं नाही... खरं सांगतो, विचारावं लागलं नाही याचं बरंच वाटलं. त्याच्याबरोबर कशाला जेवता, असं गावात लोक म्हणू लागले होते.

वर्षभरानं परभणीला मेहुण्याकडे गेलो. तो हाडांच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिथं साळवे बसलेला. उजवं कोपर सुजलेलं, हात तोंडापर्यंत काय, गळ्यापर्यंतही वाकत नव्हता. डॉक्टर सांगत होते, हा कोपराचा संधिवात, सांध्यातली गादी झिजलीय. शेक घ्या, सोसेल तितकंच हलवा, जड उचलू नका. मालिशवाल्याकडून वर्षभर हात ओढून घेतलात, त्यानं जास्त बिघडलं. आधी यायला हवं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मला सांगायचं ना. मेहुणा इथंच हाय."

"डाव्या हातानं खाताना पोरं हसत्याल म्हणून आत बसायचो," तो म्हणाला. "वाटलं, दोन दिसांत तुमी डबा घेऊन येताल. भाजीसाठी तरी." आणि हसला.

न येण्याला मी कामाचं निमित्त सांगितलं. पुढं आम्ही पुन्हा एका बाकावर जेवलो, तो डाव्या हातानं. पण मी काय समजलो होतो, ते त्याला अखेरपर्यंत सांगितलं नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वहिनींनी जेवायला वाढलं. फळीवर एक चमचा होता, लोहाराकडून लांब, वाकडा दांडा जोडून घेतलेला.

"या चमच्यानं घरी उजव्या हातानं जेवायचे," वहिनी म्हणाल्या. "शाळेत न्यायला लाजायचे. कुणी सर घरी जेवायला आले की दाखवीन म्हणायचे."

मी खाली मान घालून जेवत राहिलो.