बारावी बाटली

आमच्या इस्पितळातल्या नोंदी सांभाळणाऱ्या कारकुनांना सगळे नेमकेबुवा म्हणायचे. "जरा वेळानं या" म्हटलं की लगेच विचारणार, "जरा म्हणजे किती मिनिटं?" मी शेजारच्या औषधभांडारात. दिवसातून दहादा डोकं उठवायचे माझं!

त्या दिवशी दुपारी कंपनीचा फोन आला. सलाईनची ड४१ ही बॅच दूषित आहे, एकही बाटली वापरू नका. त्या बॅचचं बारा बाटल्यांचं एकच खोकं आलं होतं आणि सकाळीच मी ते वॉर्डांत वाटून रिकामं केलं होतं.

कुठली बाटली कुणाला लावली, याची नोंद सिस्टर कॉम्प्युटरवर करतात. मी घाईघाईत ड४१ टाकून पुढे स्टार मारला. चारशे नावं! ड४१०, ड४१५, सगळं गणगोत गोळा झालं.

"सगळ्यांच्याच काढा!" मोठे डॉक्टर ओरडले.

"आणि ज्यांचा जीव त्या सलाईनवर आहे, त्यांचं काय?" बुवांनी मला खुर्चीवरून जवळजवळ ढकललंच. "अहो, स्टार म्हणजे पुढे काहीही चालेल. आपल्याला अख्खा शब्द हवाय, तेवढाच. दोन्ही बाजूंना शब्द संपल्याची खूण लावायची."

अकरा नावं आली. फोन गेले, अकरा बाटल्या उतरल्या. डॉक्टरांनी रुमालानं मान पुसली. बुवा मात्र उठेनात.

"खोक्यात किती होत्या?"

"बारा."

"मग बारावी कुठंय?"

"फुटली असेल हो एखादी," मी म्हणाले. अजून लाज वाटते त्या बोलण्याची.

त्यांनी खुणा काढून टाकल्या आणि त्या चारशे नोंदी एकेक करून बघायला लागले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ड४१_७.

"मधे खालची रेघ आहे," ते कसेबसे म्हणाले. "मशीनला ती अक्षरासारखीच. त्यामुळे शब्द तिथं संपतच नाही."

बॅच आणि खाटेचा नंबर खालच्या रेघेनं जोडून लिहा, असं पत्रक सहा महिन्यांपूर्वी काढणारे हेच! सगळ्या सिस्टरनी ते केराच्या टोपलीत टाकलं होतं. नव्यानं लागलेल्या एका पोरीनं तेवढं पाळलं.

वॉर्डाचा फोन लागेना. आम्ही पळत सुटलो. सात नंबरच्या आजींना हुडहुडी भरली होती, अख्खी खाट हलत होती. अर्धी बाटली आत गेलेली. बुवांनी स्वतःच्या हातानं नळी बंद केली.

डॉक्टर आले, आजींवर उपचार सुरू झाले, आणि मग ते त्या पोरीवर घसरले. "अशी नोंद का केलीस?" ती मुसमुसायला लागली.

"तिला बोलू नका," बुवा म्हणाले. "एवढ्या सगळ्यांत तिनं एकटीनंच माझं ऐकलं."

आजींची मुलगी धावत आली. बुवांनी तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाहेर व्हा."

ते बाहेर झाले, पण गेले नाहीत. काम संपलं की दारापाशी येऊन उभे राहायचे. मी डबा पुढे केला तर नको म्हणून मान हलवायचे. इतका राग यायचा मला, आणि रडूही.

तिसऱ्या दिवशी आजींचा ताप उतरला. मुलगी बाहेर आली, बुवांकडे न बघता मला म्हणाली, "यांना सांगा, आई जेवली. आता तुम्हीही जेवा म्हणावं."