धुळ्याहून आणलेला लॅपटॉप

माझे पती जळगावच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पाण्याच्या टाक्या, पाइप, त्यांचे जोड, यांची ड्रॉइंग काढणं हे त्यांचं काम. तिरका बोर्ड, उंच स्टूल, ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेनं. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं ती इतकी हलकेच खरवडून काढायचे की कागदावर ओरखडासुद्धा दिसायचा नाही. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं होतं. मी समोर उभी होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं तसं त्यांच्या ऑफिसात बोलणं सुरू झालं की आता बोर्ड जाणार आणि कॉम्प्युटर येणार. त्याच सुमारास आखाती देशातल्या एका कंपनीची जाहिरात आली. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा मोठा प्रकल्प होता. आम्हाला मूलबाळ नव्हतं, घर स्वतःचं होतं, दोघांचं नीट चाललं होतं. पैशासाठी जायची गरज नव्हती. पण ते म्हणाले, "वीस वर्षं मी त्याच टाक्या काढतोय गं. एकदा काहीतरी मोठं काढायचंय."

मुंबईला मुलाखत झाली. काम पाहून तिथला साहेब खूश झाला. शेवटी त्यानं विचारलं, "कॉम्प्युटरवर येतं ना?" हे म्हणाले, "शिकतोय." निघायला तीन-चार महिने होते, तेवढ्यात शिकून घेऊ असा त्यांचा हिशेब.

खरं तर शिकायला सुरुवातही झालेली नव्हती. मुंबईहून आल्यावर त्यांनी नेहरू चौकाच्या बाजूला एका क्लासला नाव घातलं. तिथली सगळी मुलं विशीतली. शिकवणारासुद्धा. तो त्यांना काका म्हणायचा आणि प्रत्येक गोष्ट दोनदा, मोठ्यानं सांगायचा. पंधरा दिवसांत त्यांनी क्लास सोडला. "घरीच मशीन असलं पाहिजे," म्हणाले. "कोणी बघायला नको."

लॅपटॉप घ्यायचा असं तेव्हा ठरलं. घरात ठेवायचा कॉम्प्युटर सोबत नेता आला नसता. त्यांचे एक जुने सहकारी आधीच तिकडे होते. शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांच्याशी बोलणं झालं. ते म्हणाले, "इथे येऊन घे. स्वस्त पडेल, नवा मिळेल. तिकडे कशाला घेतोस?" बरोबरच होतं त्यांचं. पण तिकडे जाऊन घ्यायचा तर इकडे शिकायचं कशावर? आणि न शिकता जायचं कसं? हे काही त्या सहकाऱ्याला सांगता येईना. फोन ठेवल्यावर हे मला म्हणाले, "इथेच बघू."

जळगावात दोन-तीन दुकानांत विचारलं. एकानं ऐकून हसत सांगितलं, "साहेब, इथे लॅपटॉप कोण घेतं? मुंबईहून मागवावा लागेल." त्यानं सांगितलेली किंमत ऐकून आम्ही परत आलो. मग धुळ्याहून माझ्या भावाचा निरोप आला. त्याच्या ओळखीच्या एका घरी लॅपटॉप पडून होता आणि त्यांना तो काढून टाकायचा होता.

धुळे माझं माहेर. आम्ही एका रविवारी सकाळच्या एस.टी.नं गेलो. देवपुरातलं घर होतं. शेतीखात्यातून निवृत्त झालेले एक नाना आणि त्यांची बायको, दोघंच राहायचे. टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली लॅपटॉप ठेवलेला होता. चांगला जाड, काळा. मुलगा अमेरिकेत होता, घरबसल्या त्याच्याशी बोलता यावं म्हणून त्यानं तो पाठवला होता.

"पोऱ्यानी धाडेल शे," नाना अहिराणीत म्हणाले. "म्हने, याम्हाईन बोलता ई. आमले काही जमनं नही."

माझ्या भावानं तो सुरू करून दाखवला. बॅटरी गेलेली होती, पण वायर लावली की चालायचा. पिन चपटी होती, तिला वेगळी जोडणी लागायची, तीही त्यांनी दिली. नानांनी घासाघीस केली नाही. त्यांच्या बायकोनं पदरानं वरची धूळ पुसली. धूळ गेली तरी ती पुसतच राहिली. मग माझ्या भावाला विचारलं, "त्याच्यात पोराचं काही राहिलं तर नाही ना?"

"नाही अक्का, रिकामा आहे," भाऊ म्हणाला. त्यानं पाहिलं नव्हतं.

परतीच्या एस.टी.त यांनी तो मांडीवर धरून ठेवला होता. पारोळ्याला चहाला गाडी थांबली तरी उतरले नाहीत. मी चहा खिडकीतून दिला.

क्लासमधल्या कोणाकडून तरी ड्रॉइंगचा प्रोग्रॅम घालून आणला आणि आमचा अभ्यास सुरू झाला. आमचा म्हणते, कारण पुस्तक इंग्रजीत होतं आणि मी ते वाचून दाखवायचे. लग्नाआधी मी धुळ्याला टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यामुळे अक्षरं कुठे आहेत ते मला न बघता कळायचं. त्यांना एकेक अक्षर शोधावं लागायचं. त्यातून त्या मशीनला माउस नव्हता. कळफलकाच्या मधोमध एक लाल रबरी बोंड होतं, ते बोटानं दाबून बाण हलवायचा. त्यांची बोटं पेन धरायला सरावलेली. जोर जास्त पडायचा आणि बाण पडद्याच्या कडेला पळून जायचा. परत आणायचे, परत पळायचा. आणि मधेच लाइट गेली की सगळं गेलं.

मग आम्ही एक युक्ती काढली. त्यांनी आकडे सांगायचे, मी टाइप करायचे. "शंभर, पन्नास. आता वर्तुळ. त्रिज्या बारा." त्यांना पूर्ण ड्रॉइंग डोळ्यांपुढे दिसत असायचं. मला काहीच दिसायचं नाही, मी फक्त आकडे टाकायचे आणि हळूहळू पडद्यावर टाकी उभी राहायची. ते मान पुढे करून बघायचे आणि म्हणायचे, "आली की!" ते काही आठवडे आमच्या घरात बरे गेले. जेवण झालं की लगेच बसायचो.

पण तिकडे आकडे टाकायला मी नसणार होते. हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्यावर कोणीच बोलत नव्हतं.

एक दिवस दुपारी मी एकटीच बसले. सहज आमच्या घराचा नकाशा काढला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची मोरी. मोजमापं टेपनं घेतली. हाताला सवय लागली होती, भराभर निघालं. संध्याकाळी ते आल्यावर मोठ्या हौसेनं दाखवलं.

"हे कोणी केलं?"

"मीच."

बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मोरीचं दार बाहेर उघडतं. तू आत दाखवलंयस." मी दुरुस्त करायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, मी करतो." ते दार फिरवायला त्यांना इतका वेळ लागला की मी उठून भाकरी टाकायला गेले. त्या दिवसानंतर ते एकटेच बसू लागले. मी वाचून दाखवू का विचारलं तर म्हणायचे, "नको, जमतंय आता."

जमत नव्हतं. स्वयंपाकघरातून मला एकेक कळ दाबल्याचा आवाज ऐकू यायचा. एक, मग शांतता, मग एक.

ठरल्या तारखेला ते गेले. लॅपटॉप खांद्याला, बाकी एक बॅग. स्टेशनवर माझा भाऊ त्यांना म्हणाला, "आता काय भाऊ, मोठी मोठी कामं!" हे हसले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ते दवाखान्यात आत जाताना पाहायचे.

दर शुक्रवारी त्यांना सुट्टी असायची, तेव्हा शेजाऱ्यांकडे फोन यायचा. मी आधीच जाऊन बसायचे. "ड्रॉइंग कशी चाललीत?" मी विचारायचे. "चाललीत. प्रचंड काम आहे गं. एकेका पाइपात माणूस उभा राहील." मग ते सांगायचे कुठल्या भागाचं ड्रॉइंग निघालं, किती बारीक काम होतं. शेजारची वहिनी मुद्दाम आत जाऊन बसायची.

सात-आठ महिन्यांनी पारोळ्याचा एक वेल्डर सुट्टीवर आला. त्याच कंपनीत होता. यांनी त्याच्याबरोबर खजूर आणि माझ्यासाठी एक शाल पाठवली होती. मी चहा केला. तो मोकळेपणी बोलत होता.

"भाऊंचं बरं चाललंय वहिनी. सावलीत काम आहे. आम्ही उन्हात मरतो. स्टोअरला भाऊ आहेत म्हणून हातमोजेसुद्धा वेळेवर मिळतात."

"स्टोअरला?"

"हो ना. आल्या आल्या साहेबानं मशीनवर बसवून बघितलं होतं म्हणे. फार वेळ लागला. मग साहेब म्हणाला, स्टोअरला माणूस पाहिजेच आहे. परत पाठवलं नाही ते नशीब." माझ्याकडे बघून तो थांबला. "तुम्हाला माहीतच असेल."

"हो," मी म्हणाले. "माहीत आहे."

तो गेल्यावर मी खजूर डब्यात भरले. शाल घडी न मोडता कपाटात ठेवली.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा विचारलं, "ड्रॉइंग कशी चाललीत?" दुसरं काय विचारणार? त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. सामान न्यायला येणाऱ्या लोकांच्या हातातली ड्रॉइंग ते बघत असणार आणि तीच मला सांगत असणार. चांगलं सांगायचे. ऐकताना मला ते पाइप दिसायचे.

घर दिवसभर रिकामं. पावसाळ्यानंतर एका आर्किटेक्टच्या दारावर पाटी पाहिली, कॉम्प्युटरवर नकाशे काढणारं माणूस पाहिजे. मी आत गेले. त्यांनी एक खोली काढून दाखवायला सांगितली. मी काढली. सोमवारपासून या, म्हणाले.

फोनवर यांना सांगितलं.  

"कोणतं व्हर्जन आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"हां. आमच्याकडेही तेच आहे," ते म्हणाले.

त्यानंतर फोन दर शुक्रवारी यायचा बंद झाला. कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं यायचा. ड्रॉइंगबद्दल मी विचारायचं सोडलं आणि त्यांनी सांगायचं.

दोन वर्षांचा करार संपवून ते परत आले. खूप वाळले होते. केस पांढरे. बॅगा उघडल्या तर लॅपटॉप नव्हता. "विकला तिकडे," म्हणाले. "जुना झाला होता." जेवायला बसल्यावर, ताटाकडे बघत त्यांनी सांगितलं, "मी स्टोअरला होतो. पहिल्यापासून."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पारोळ्याचे ते आले होते ना, तेव्हापासून."

त्यांचा घास हातातच राहिला. "मग फोनवर विचारायचीस कशाला?"

"तुम्ही सांगायचात, म्हणून."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले नाहीत. जेवण संपवलं, ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

त्यांच्या जुन्या ऑफिसातले बोर्ड तोवर निघाले होते. ते बघायलाही गेले नाहीत. एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कारखान्यात त्यांना स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. तिथे चांगला मान होता. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. घरात मात्र पेन हातात धरायचे ते फक्त दुधाचा हिशेब लिहायला.

मी आर्किटेक्टकडे टिकले. कामाची गडबड असली की मला उशीर व्हायचा, तेव्हा ते सायकलवर घ्यायला यायचे. बाहेर, समोरच्या निंबाखाली उभे राहायचे. एकदा आमचे साहेब स्वतः बाहेर गेले आणि म्हणाले, "अहो, आत या ना. वहिनींचं काम बघा तरी, नवीन हॉस्पिटलचा नकाशा काढताहेत."

मी दारातून बघत होते. त्यांनी एकदा आत, उजेडाकडे पाहिलं. मग पायांकडे.

"नको साहेब," ते म्हणाले. "चपला चिखलाच्या आहेत."

मे महिना होता. रस्त्यावर फुफाटा उडत होता.