गप्पी म्हणायचं नाही

आमच्या साडूंइतका पाण्यावर अविश्वास असणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही, आणि पुण्यात अविश्वासाचा काही तुटवडा आहे असं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी पस्तीस वर्षं लोकांच्या पाण्यातलं क्लोरीन मोजलं. लग्नात पंगतीला बसले की आधी पेला नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि वाढप्याला सांगतात, "आज जरा हात सैल सुटलाय." त्या बिचाऱ्याला वाटतं, मठ्ठ्यात मीठ जास्त झालं. निवृत्तीच्या दिवशी आम्ही विचारलं, आता काय करणार? म्हणाले, "इतकी वर्षं क्लोरीन घातलं, आता काढत बसेन." आम्ही हसलो, पण महिन्याभरात त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या गॅलरीत काचेची टाकी आली आणि नळाचं पाणी दोन-दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवून लावायचा उद्योग सुरू झाला.

टाकीत मासे होते. ऑफिसातला एक जुना मित्र घर हलवताना सात मासे देऊन गेला होता. बोटाच्या पेराएवढे, मातकट, शोभेच्या नावानं शून्य. मूळचे कुठल्याशा दूरच्या बेटावरचे, खारफुटीच्या मुळांत राहणारे. त्या खाडीवर भराव टाकून हॉटेलं झाली. आता जे काही उरलेत ते असे हौशी लोकांच्या घरांत. ही हकिगत साडू अशा स्वरात सांगतात, की ते हॉटेल आपणच बांधलं असं वाटून ऐकणारा खाली बघायला लागतो. मी एकदा सहज म्हणून गेलो, "म्हणजे आपले गप्पीच की. डासांसाठी विहिरीत सोडतात ते." साडूंनी चष्मा काढला. "अहो, तुम्हाला उद्या कोणी म्हटलं, हे आपलं माकडच की, तर लांबचं नातं आहे, नाही म्हणता येणार नाही. पण बरं वाटेल का तुम्हाला?" तेव्हापासून त्या घरात गप्पी हा शब्द उच्चारायची बंदी आहे.

या माशांना निमखारं पाणी लागतं. त्यामुळे नात्यातलं कोणीही कोकणात निघालं की साडूंचा फोन ठरलेला. "आंबे राहू द्या हो. येताना एक कॅन खाडी घेऊन या." एकदा असाच कॅन स्वयंपाकघरात राहिला आणि मेहुणीनं फिल्टरचं पाणी समजून त्याची आमटी केली. आम्ही सहा माणसं पहिल्या घासाला एकमेकांकडे बघत बसलो. साडूंनी मात्र वाटी संपवली आणि शांतपणे म्हणाले, "छान. ह्यात मासे जगले असते." मेहुणी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण त्या आठवड्यात एक मादी दिवस भरलेली होती.

हो, ही मासळी अंडी घालत नाही. थेट पिल्लं देते. आणि वेळीच वेगळी केली नाहीत, तर आईच त्यांचा फराळ करते. म्हणून बाळंतिणीची निराळी बरणी, पिल्लांना लपायला शेवाळ, आणि गॅलरीत मोठ्यानं बोलायचं नाही. पिल्लं झाली की साडू पेढे आणि बर्फी दोन्ही वाटतात, कारण मुलगा की मुलगी हे कळायला महिना-दीड महिना जातो. एकदा जेवताना त्यांनी आम्हाला सांगितलं, की मादीची नराशी एकदा गाठ पडली की तेवढ्या शिदोरीवर ती पुढे कित्येक महिने एकटीच पिल्लं देत राहते. नर मेला तरी तिचं काही अडत नाही. पोळी वाढता वाढता मेहुणी म्हणाली, "शहाणी आहे." मी इतका हसलो की ठसका लागला.

सगळे मासे एका घरात ठेवायचे नाहीत, हा साडूंचा दंडक. एका घरावर संकट आलं तर वंश बुडायला नको. म्हणून ते जोड्या दत्तक देतात, तेही वहीत गोत्र बघून. भावाबहिणीची जोडी कुठेही जात नाही. पालकांची मुलाखत होते. घरात मांजर आहे का? पाहुणे किती दिवस राहतात? पाणी कुठलं भरता? अशी पाच घरं त्यांनी निवडली आणि दर महिन्याला तिथे तपासणीला जायचे. मी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नापास. मागे कधीतरी मी त्यांच्या टाकीत बारीक शेव टाकली होती, ती त्यांनी वहीत लिहून ठेवली होती. "माणूस म्हणून तुम्ही उत्तम आहात," ते मला म्हणाले, "पालक म्हणून नाही." सख्ख्या साडूला असं म्हणतात का?

मला राग आला आणि मी चोरी केली. उगाच लपवाछपवी कशाला? पाडव्याला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सगळे वामकुक्षीला लवंडल्यावर मी श्रीखंडाचा रिकामा डबा धुतला आणि टाकीतली एक मादी पाण्यासकट त्यात घेतली. स्कूटरवर डबा बायकोच्या मांडीवर होता. कर्वेनगरला घरी येऊन तिनं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "चोरी! तीही माझ्या बहिणीच्या घरी!" पण लोणच्याची काचेची बरणी काढून तिनंच दिली. दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन आला, एक मादी कमी आहे, बहुतेक दुसरीनं खाल्ली. आवाज इतका पडलेला होता, की मला माझीच लाज वाटली. तरी कबूल करायचा धीर काही झाला नाही.

मे महिन्यात साडूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मेहुणी चार दिवस दवाखान्यात होती. त्याच दिवसांत सोसायटीनं गच्चीवरची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली. साडूंना घरी आणायच्या दिवशी सकाळी मेहुणी पुढे आली, तर उन्हानं माशांच्या टाकीतलं पाणी बरंच खाली गेलेलं. त्यांना घरी आल्या आल्या टाकी भरलेली दिसावी म्हणून तिनं घाईघाईत ती नळाखालच्या बादलीनं काठोकाठ भरली. दुपारी मी साडूंना हाताला धरून गॅलरीत नेलं. सगळे मासे उलटे तरंगत होते. सर्दीनं माझं नाक चोंदलेलं होतं, तरी मलाही क्लोरीनचा वास आला. साडू टाकीवर वाकले, डोळे मिटले. मागे मेहुणी पदर तोंडाला लावून उभी होती. "काय झालं हो?" तिनं विचारलं.

"उकाडा," साडू म्हणाले. "उकाड्यानं गेले."

आयुष्यात चुकीचा आकडा खपवून न घेणारा हा माणूस पाण्याच्या बाबतीत धडधडीत खोटं बोलला.

घरी येऊन मी पाचही दत्तक घरी फोन लावले. पाचही जणांचं एकच उत्तर. ते मासे केव्हाच गेले. काकांना वाईट वाटू नये म्हणून दुकानातून गप्पी आणून ठेवलेत. कृपा करून त्यांना सांगू नका. दुसऱ्या दिवशी मी जड जिभेनं सांगितलं. साडू रिकाम्या टाकीसमोर बसले होते. "माहीत आहे," ते म्हणाले. "मला गप्पी ओळखू येत नाही का? पण मी येणार म्हणून काचा पुसून ठेवायचे हो बिचारे. त्यांना काय बोलणार?" आणि मग हळूच, "संपलं म्हणायचं."

तेव्हा मी पाडव्याची चोरी सांगून टाकली. ती मादी जिवंत आहे आणि गेल्या आठवड्यात तिला अठरा पिल्लं झाली, नराशिवाय.

पोटाला टाके असताना साडू रिक्षात बसले. आमच्या ओट्यावर बायकोनं वेळीच निराळ्या काढलेल्या पिल्लांच्या बरणीसमोर उभे राहिले. मग वास घेतला. "पाणी कुठलं?"

"कालच्या बादलीतलं. रोज ताजं भरायचा कंटाळा येतो."

"मीठ?"

"चिमूटभर. अंदाजानं."

"चोर आहात," ते म्हणाले. "वर आळशी. आळशी होतात म्हणून जगले." चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. सगळी एकाच आईची, गोत्राचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आता गोत्र बघत बसलो तर वंश बुडेल." निम्मी पिल्लं त्यांनी नेली, निम्मी आमच्याकडे ठेवली आणि वहीत माझं नाव पालक म्हणून लिहिलं. शेवेची नोंद मात्र खोडली नाही. रिक्षात बसताना माझा हात धरून म्हणाले, "साडूभाऊ, तुम्हीही उकाडाच म्हणायचं."

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. साडूंना वजन उचलायला बंदी आहे, म्हणून टाकीत पाणी मेहुणी घालत होती. गॅलरीत दोन बादल्या भरून उघड्या ठेवलेल्या होत्या. तिनं तांब्या बुडवला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मगच ओतला. साडूंनी पेपरातून मान वर करून हे पाहिलं. "यंदा उकाडा फारच होता, नाही?" ते म्हणाले.

"फारच," मेहुणी तांब्या पुन्हा बुडवत म्हणाली.

मीही म्हणालो, फारच.